अग्रक्रम सात

काराबुलुनच्या रुग्णवाहिका केंद्रात आठ फोन होते आणि ते आठही मीच लावलेले होते. केंद्र म्हणजे जुन्या टेलिफोन कचेरीचा तळमजला. एका बाजूला कॉल घेणाऱ्या बायकांची लांबट खोली, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर लोकांची, आणि दोन्हींच्या मध्ये पूर्वी कोट टांगायचे ते अरुंद कपाट, एक माणूस स्टूल टाकून बसेल एवढं. त्या कपाटात मी स्विच बसवला होता. चोवीस पोर्टची, म्हणजे तारा खोचायच्या चोवीस भोकांची, काळी पेटी. इमारतीतली प्रत्येक तार तिच्यात येऊन मिळायची आणि जी तार बोलत असेल तिच्या पोर्टवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. कपाटात आता कोट नव्हते, पण ओल्या मेंढीच्या कातड्याचा वास काही गेला नव्हता.

मी जिल्हा आरोग्य विभागाचा तंत्रज्ञ. आठवड्यातले तीन दिवस केंद्रात, बाकीचे रुग्णालयात. केंद्रातल्या बायका मला नावाने हाक मारत, एसेन. काल्मुरात नावाचा ड्रायव्हर मात्र मला ‘मंत्रीसाहेब’ म्हणायचा, कारण मी आलो की काही ना काही बंद पडतं असं त्याचं मत होतं.

कॉल घेणाऱ्यांची प्रमुख होती बुरुल. एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर. आम्ही सगळे तिला एजे म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती फोन उजव्या कानाला लावायची आणि डाव्या हाताने लिहायची. लिहिता लिहिता पलीकडच्या माणसाला इतक्या शांतपणे बोलतं करायची, की आरडाओरडा करणारी माणसंही दुसऱ्या वाक्याला खाली यायची. बाहेरच्या बोळात सन्मानफलकावर तिचा फोटो होता, केस काळे असतानाचा.

चौदा जानेवारीला जे झालं ते आधी सांगतो. ते मी दोन महिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी उणे एकतीस होतं. गावातल्या प्रत्येक घरात कोळशाची शेगडी पेटलेली होती आणि धूर खाली बसला होता. वर्षभराच्या नोंदी प्रांताच्या कचेरीत पाठवायची मुदत संपत आली होती. सकाळी अकरा पंचेचाळीसला मी त्या पाठवायला लावल्या. हे काम रात्री करायचं असतं, पण मला रात्री थांबायचं नव्हतं.

तेव्हा फोन आणि संगणक एकाच वाटेने जात होते. शरद ऋतूत वरच्या कुरणांतून मेंढ्या उतरतात तेव्हा आमच्या नदीवरच्या पुलावर जे होतं, तेच तारेत होतं. हजार मेंढ्या पुलावर आल्या की त्यांच्यात सापडलेला माणूस दोन पावलं टाकतो, थांबतो, पुन्हा दोन पावलं टाकतो. फायली म्हणजे मेंढ्या. त्यांना उशीर झाला तरी चालतो. आवाजाला चालत नाही. आवाज बारीक तुकड्यांत कापून पाठवलेला असतो, सेकंदाला पन्नास तुकडे, आणि ज्या तुकड्याला उशीर होतो तो टाकून दिला जातो.

अकरा सत्तेचाळीसला एकशे तीनवर, म्हणजे रुग्णवाहिकेच्या नंबरवर, अनारकुल नावाच्या एका बाईचा फोन आला. तिचं वय सव्वीस. बुरुल एजेने घेतला. नवरा पडलाय, उठत नाही, मुलगी पेंगतेय, एवढं कळलं. पत्ता विचारला तेव्हा ‘ताश’ एवढंच आलं, मग ‘चौदा’. आमच्याकडे ताश-कोपुर नावाची गल्ली आहे, पुलापलीकडे, आणि ताश-बुलाक नावाची दुसरी, खाणीच्या बाजूला. एजेने विचारलं, “ताश-कोपुर?” पलीकडून आलं, “...कोपुर...” एजेने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं. तिने गाडी ताश-कोपुरला पाठवली.

घर ताश-बुलाकमध्ये होतं. काल्मुरात तिथे पोचला तेव्हा बारा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. शेगडीच्या धुराड्याची झडप लवकर बंद केली होती, म्हणून तो न दिसणारा, वास नसलेला वायू घरात साचला होता. नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी, तिघंही गेली होती.

प्रांतातून चौकशी समिती आली. त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकलं. आवाज तुटत होता हे त्यांनाही ऐकू आलं, पण बाईचा मोबाइल जुना होता, थंडी होती, त्यांनी तिथेच विषय संपवला. कॉल घेणारीने पत्त्याची नीट खातरजमा केली नाही असा ठपका ठेवला. एजेला प्रमुखपदावरून काढून साध्या पाळीवर बसवलं. सन्मानफलकावरचा फोटो कुणीतरी खिळ्यासकट उपटला. भोक तसंच राहिलं.

मला कुणी काही विचारलं नाही. मी त्याच आठवड्यात स्विचमध्ये दोन वाटा वेगळ्या केल्या. तार तीच, पण तिच्या आत दोन आभासी जाळी, एक संगणकांचं, एक फक्त फोनचं. शिवाय अग्रक्रम लावला. अग्रक्रमाचे आकडे शून्य ते सात असतात. फायलींना शून्य, आवाजाला पाच. पाच आला की शून्याने बाजूला व्हायचं. सहा आणि सात माणसांना देत नाहीत. जाळं शाबूत आहे की नाही हे यंत्रं आपसात एकमेकांना सांगतात, त्या निरोपांसाठी ते राखून ठेवलेले असतात.

काम दीड तासाचं होतं. डिसेंबरात केलं असतं तरी दीड तासाचंच होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाझगुलने तक्रार केली. ती एजेच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. म्हणाली, रोज दुपारच्या आधी एकदा सगळ्यांचेच आवाज क्षणभर बुडतात, पाण्याखाली गेल्यासारखे, आणि परत येतात. मी वेळ विचारली. तिने वही काढली. अकरा सत्तेचाळीस. चारही दिवस तीच.

मला आधी वाटलं, कुठला तरी संगणक ठरलेल्या वेळी काहीतरी पाठवत असणार. तसं काही सापडलं नाही. मग मी फोनच्या वाटेवरची वर्दळ मोजली. आठ फोनांची जेवढी असायला हवी त्यापेक्षा किंचित जास्त होती, दिवसाला एखाद्या सेकंदाच्या बोलण्याइतकी. ती येत होती पोर्ट सतरामधून.

पोर्ट सतरा रिकामा होता. त्याला तार नव्हती. तोंडावर मी लावलेलं धुळीचं झाकण होतं.

मी पोर्ट बंद केला. दुसऱ्या दिवशी अकरा सत्तेचाळीसला त्याचा दिवा लागला आणि विझला. मी प्रांताच्या कचेरीतून दुसरा स्विच मागवून बसवला. त्याच्याही सतराव्या पोर्टचा दिवा त्याच वेळी लागला आणि विझला. मग मी आलेल्या तुकड्यांवरचा शिक्का पाहिला. प्रत्येकावर अग्रक्रम सात होता. म्हणून बाकीचे आवाज बुडत होते. ते थांबून याला वाट देत होते.

तुकडे आवाजाचे होते. ऐकले तर एका सेकंदाच्या आतलं काहीतरी असायचं. एकदा नुसता श्वास. एकदा ‘ला’. एकदा बाईच्या आवाजात अर्धवट शब्द, मागचं पुढचं काही नाही. मी ते साठवत गेलो. ध्वनिमुद्रण यंत्र फोनच्या वाटेवरचं सगळंच ठेवतं, त्यामुळे आधीच्या दिवसांचेही मिळाले.

दोन आठवड्यांनी सहज म्हणून मी तुकड्यांचे क्रमांक पाहिले. आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, म्हणजे पलीकडे तो कुठे जोडायचा ते कळतं. यांचे क्रमांक सलग नव्हते. ४१२ ते ४२९. मग ९६०. मग १३०० च्या पुढचे. असे क्रमांक मी आधी पाहिले होते. चौकशी समितीला चौदा जानेवारीच्या कॉलचा कागद मीच छापून दिला होता, कुठले तुकडे पोचले आणि कुठले हरवले त्याचा. एकूण पाच हजार सहाशे, त्यातले सोळाशे चाळीस हरवलेले.

मी तो कागद काढला आणि पेन्सिलीने खुणा करत गेलो. जे हरवले होते तेच येत होते. त्यातला एकही दोनदा आला नव्हता.

कपाटात बसून मी खूप वेळ त्या कागदाकडे पाहत होतो. पलीकडच्या खोलीत काल्मुरात कुणाला तरी बोर्सोकवरून, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांवरून, चिडवत होता, तू तळलेस की गाडीच्या चाकाला ठिगळ लावता येईल म्हणून. मला तो प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि अर्थ कळायला वेळ लागत होता.

दहा मार्चला शेवटची फट भरली. मी रुग्णालयातल्या माझ्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून, तो कॉल पहिल्यापासून ऐकला. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ आवाज आमच्या तारांवर मी कधी ऐकलेला नाही. बाई स्पष्ट म्हणत होती, “ताश-बुलाक, चौदा.” एजे विचारत होती, “ताश-कोपुर?” आणि बाई म्हणत होती, “कोपुर नाही, बुलाक. बुलाक.”

हे मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं.

जुन्या ध्वनिमुद्रणात शेवटी एक जागा होती. बाईचं “...थंडी आहे... आत थांबू...” एवढंच आलेलं, आणि त्यावर एजेचं उत्तर, “हो, आत थांब. दार लावून घे, मुलीला ऊब दे. गाडी निघाली आहे.” समितीने त्यावर काही लिहिलं नव्हतं. धीर देणारं बोलणं होतं ते.

आता ती जागा भरली होती. अनारकुल म्हणत होती, “एजे, माझं डोकं फुटतंय. शेगडीचं तर काही नसेल? मुलीला घेऊन अंगणात जाऊ का? की बाहेर थंडी आहे, तर आत थांबू?”

“हो, आत थांब. दार लावून घे.”

मी हेडफोन काढून ठेवला. त्यानंतर आठवडाभर मी एजेसमोर जेवलो नाही. तिची नजर टाळत होतो, हे तिच्या लक्षात येत होतं, हेही मला कळत होतं.

सोळा मार्चला ती कपाटाच्या दारात येऊन उभी राहिली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. हातात चहाचा पेला होता, तिने तो स्विचवर ठेवला. एरवी मी कुणालाही तिथे पाणीसुद्धा आणू देत नसे.

“हल्ली रोज या वेळी तू या कपाटात येतोस,” ती म्हणाली. “आणि रोज या वेळी मी घड्याळाकडे बघते. आता सांग काय आहे ते.”

मी आधी फायलींचं सांगितलं. अकरा पंचेचाळीसला काय सुरू केलं, का केलं, चौकशीच्या वेळी का गप्प बसलो. ती ऐकत होती. रागावली नाही. फक्त एकदा म्हणाली, “दोन महिने,” आणि स्विचवरचा पेला फिरवत राहिली. मग मी पोर्ट सतराचं सांगितलं. ते ऐकूनही तिने मला वेड्यात काढलं नाही. म्हणाली, “ऐकव.”

मी म्हटलं, पत्ता बरोबर होता, तिने बरोबर सांगितला होता, चूक तुमची नव्हती, बाकी ऐकण्यासारखं काही नाही.

“एसेन, एकतीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकतेय,” ती म्हणाली. “माणूस काही लपवत असला की मला कळतं. ऐकव.”

मी ऐकवलं. ती उभ्यानेच ऐकत होती. शेवटच्या जागेपाशी तिने हात वर केला, मी थांबवलं. “मागे घे.” घेतलं. तिने ते तीनदा ऐकलं. कपाटात उजेड कमी होता, मला तिचा चेहरा अर्धाच दिसत होता.

“तिने विचारलं होतं,” ती म्हणाली. “आणि मी हो म्हटलं.”

मी ध्वनिमुद्रण बंद करायला हात पुढे केला.

“यानंतर?”

“यानंतर तुम्ही फोन ठेवलात.”

“ते मला माहीत आहे. यानंतरचे तुकडे आले का?”

आले होते. दहा मार्चला फटी भरल्या, तरी अकरा मार्चला दिवा लागलाच होता. पाच हजार सहाशे एक, दोन, तीन, आणि पुढे. कॉल संपल्यानंतरचे क्रमांक. मी ते साठवले होते, पण ऐकायचा धीर झाला नव्हता. आता दोघांनी मिळून ऐकले. पहिल्या दिवशी लोखंडी झाकणाचा आवाज, शेगडीवर ठेवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी श्वास. तिसऱ्या दिवशीही श्वास, पण वेगळा, लहान. चौथ्या दिवशी धुराड्यातला वारा. पाचव्या दिवशी लहान मुलीचा आवाज, झोपेतला.

“आले का?”

तेवढ्यात अकरा सत्तेचाळीस झाले. पोर्ट सतराचा दिवा लागला. मी आलेले तुकडे लगेच जोडले. बाईचा आवाज होता.

“येतील.”

एजेने भिंतीला हात टेकला. म्हणाली, “मला तिच्याशी बोलायचंय.”

मी समजावलं. हे जुने तुकडे आहेत. कुठेतरी अडकले होते, ते आता येतायत. पलीकडे ऐकणारं कुणी नाही.

“मग कॉल संपल्यावरचे कुठून आले?”

मी क्रमांकांचा कागद पुन्हा उलगडला.

“तू सगळ्यांना वेगळी वाट काढून दिलीस,” ती म्हणाली. “मला एक फोन जोडून दे. तेवढं तू माझं देणं लागतोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळीचं झाकण काढलं आणि पोर्ट सतराला नववा फोन जोडला. त्याला अग्रक्रम सात दिला. हे मी जाणूनबुजून केलं. पाच दिला असता तर तिचा आवाज तिकडे पोचला नसता असं मला वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही. सात म्हणजे बाकी सगळे मागे, हेही मला पक्कं माहीत होतं. पण रोजचा तो एक सेकंदच असायचा. फार तर दोन होतील, असं मी धरून चाललो.

बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. एजेने नवा फोन तिच्या टेबलावर घेतला, आवाज कपाटात ऐकू यावा म्हणून दार उघडं ठेवलं. नाझगुलला तिने काही सांगितलं नाही. फोन वाजला नाही. अकरा सत्तेचाळीसला तिने तो नुसता उचलला, उजव्या कानाला लावला आणि डाव्या हातात पेन्सिल घेतली.

“एकशे तीन,” ती म्हणाली. “बोल बाळा.”

सतराचा दिवा लागला. या वेळी तो विझला नाही.

“हो, मीच. ऐक. मी मघाशी चुकीचं सांगितलं.”

मी स्विचकडे पाहत होतो. एकेक करून बाकीच्या आठ फोनांचे दिवे मंद झाले आणि गेले. पलीकडून नाझगुल म्हणाली, माझा बंद पडला. मग तिसऱ्या खुर्चीवरची म्हणाली, माझाही.

“त्याला राहू दे. त्याला नंतर. मुलीला घे. उचलता येत नसेल तर ओढ.”

एजेचा आवाज रोजच्यासारखा होता. शांत, थोडा खरखरीत. ती कागदावर काहीतरी लिहीत होती.

बाहेरच्या तारांवर कॉल येऊन थांबले होते. मला पडद्यावर ते आकडे दिसत होते. एक. मग तीन. वाजत होते आणि आत येऊ शकत नव्हते. अकरा एकोणपन्नास झाले.

“भिंत धर. दार कुठल्या हाताला आहे? उजव्या? मग उजव्या भिंतीने ये.”

तारांवर पाच कॉल.

“थंडीचं काही वाटून घेऊ नकोस. थंडीने काही होत नाही.”

काल्मुरात धावत आला. त्याच्या हातात स्वतःचा मोबाइल होता. बाजारात, लोकरीच्या ओळीत, एक माणूस छाती धरून पडला होता. लोक तीन-चार मिनिटं आम्हाला फोन लावत होते. शेवटी काल्मुरातच्या मेहुण्याने त्याला थेट लावला होता. गाडी निघते, पण डॉक्टर रुग्णालयात आहे, त्याला कळवायचं कसं, असं तो विचारत होता. मग त्याने स्विचकडे पाहिलं.

“मंत्रीसाहेब,” तो हळू आवाजात म्हणाला, “हे काय केलंत?”

मी स्विचच्या विजेच्या तारेला हात घातला.

“आणखी थोडं, एसेन,” एजे म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. खोलीकडे तिची पाठ होती. मी काय करतोय ते तिला दिसणं शक्य नव्हतं.

तारांवर सात कॉल.

“कडी वर आहे? हात पोचतो का?”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा एक्कावन्न झाले होते.

मी तार उपटली.

पेटीतला पंखा थांबला. कपाट काळोखं झालं. मी चारपर्यंत मोजलं आणि तार परत लावली. एक एक दिवा येत गेला, आठही फोन एकदम वाजायला लागले. पोर्ट सतराचा दिवा आला नाही.

एजे अजून फोन कानाला लावून बसली होती. नाझगुलने तो तिच्या हातातून सोडवून घेतला.

“ती दारापर्यंत आली होती,” एजे म्हणाली.

बाजारातला माणूस वाचला. कोशोय नावाचा लोकरीचा व्यापारी. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं गेली असती तर हाती लागला नसता. मे महिन्यात तो स्वतः केंद्रात आला, ड्रायव्हरांसाठी सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन. सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आला. चांगला जाडजूड, हसरा माणूस होता. त्याचा हात हातात घेताना त्याच्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही.

पोर्ट सतरा त्यानंतर कधीच लागला नाही. नाझगुलच्या वहीतही काही आलं नाही. मी एप्रिलमध्ये आरोग्य विभागाला सगळं लिहून दिलं, म्हणजे फायलींचं. बाकीचं लिहिण्यासारखं नव्हतं. मे संपताना माझी नोकरी गेली, ते ठीकच झालं. एजेवरचा ठपका काढायचं ठरलं, पण तोवर तिने स्वतःच काम सोडलं होतं. ती घरी असायची, फोन घेत नसे. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने चहा दिला, मेंढ्यांना झालेल्या कोकरांबद्दल बोलली. त्या दिवसाचा विषय काढला नाही.

ठपका काढण्याच्या कागदावर माझी सही हवी होती, म्हणून जूनमध्ये मला विभागाच्या कचेरीत बोलावलं. तिथल्या कारकुनाने चौदा जानेवारीची फाइल समोर टाकली आणि तो शिक्का शोधायला आत गेला. ही फाइल जानेवारीत मीच पान न् पान संगणकात उतरवली होती. त्यात पोलिसांचा पंचनामा होता, एका हवालदाराच्या तिरक्या अक्षरात. बाई शेगडीपाशी डाव्या कुशीवर, मुलगी आतल्या खोलीत अंथरुणात. ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा आठवली होती, की माझी पाठ झाली होती.

मी ते पान काढलं. तेच तिरकं अक्षर. तीच निळी शाई, घडीवर थोडी फिकी पडलेली. खाली चौदा जानेवारीची तारीख आणि काल्मुरातची पंच म्हणून सही.

मी पान एकदा वाचलं. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

कचेरीच्या पायऱ्यांवरूनच मी काल्मुरातला फोन लावला. विचारलं, त्या दिवशी ताश-बुलाकला तू आत गेलास तेव्हा ती बाई कुठे होती?

“किती वेळा सांगू?” तो म्हणाला. “दार ढकलत नव्हतं. ती दारालाच टेकून होती. मी खिडकी फोडून शिरलो, हाताला टाके पडले, तूच तर नेलंस मला मलमपट्टीला.”

मला तसं काही आठवत नव्हतं. मी त्याला म्हटलं, शेगडीपाशी नव्हती का? तो म्हणाला, “शेगडीपाशी कुणी नव्हतं, एसेन.” मला नावाने हाक मारायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

मी आत परत गेलो. कारकून शिक्का घेऊन आला होता. त्याने सही कुठे करायची ते दाखवलं. पंचनाम्याचं पान तसंच उघडं होतं.

‘स्त्री दाराच्या आतल्या बाजूस. मुलगी तिच्या डाव्या हाताखाली. उजवा हात कडीवर. कडी अर्धी सरकलेली. जमिनीवर मोबाइल फोन. त्यावरील शेवटचे संभाषण : एकशे तीन, आरंभ अकरा सत्तेचाळीस, समाप्ती अकरा एक्कावन्न. पलीकडून तोडले.’